नाताळच्या पंगतीत कोण नाही?

डिसेंबर लागला की आमच्या बेळगावच्या ख्रिस्ती घरांतून एकच बोलणे ऐकू येते. पुण्याची मंडळी कोणत्या गाडीने येणार, मुंबईचे जावईबापू २४ तारखेला रात्री पोहोचतील की २५ च्या उपासनेला थेट मंदिरातच भेटतील, केकचे डबे भट्टीवर कोण नेऊन देणार, करंज्यांना सुके खोबरे किती लागेल. माळ्यावरची चांदणी खाली काढली जाते. तिची एक काडी हटकून मोडलेली असते. गाद्या उन्हात पडतात. कोण कोठे झोपणार यावरून लहान मुले आधीच भांडून घेतात. घरातल्या बायका १५ तारखेपासून ज्या शेगडीपुढे उभ्या राहतात त्या नव्या वर्षाच्या उपासनेपर्यंत. त्यांना या सणात विसावा केव्हा मिळतो हे आम्हां पुरुषांना अजून कळलेले नाही. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे आणि तो एखाद्या भगिनीनेच लिहावा.

२०२३ च्या डिसेंबरात शब्बाथशाळेच्या शिक्षकांची बैठक होती. कार्यक्रमाची वाटणी आटोपल्यावर एका तरुण शिक्षिकेने आम्हांला विचारले, "सर, नाताळला सगळ्यांनी घरी जमावं, एकत्र जेवावं, हे पवित्र शास्त्रात कुठे सांगितलंय? मुलं विचारतात. शेजारचे लोकही गणपतीला, दिवाळीला असेच जमतात. मग आपल्या जमण्यात वेगळं काय?"

ईश्वरविज्ञानाची पदविका घेतलेल्या माणसाने जसे उत्तर द्यावे तसे आम्ही दिले. शास्त्रात २५ डिसेंबर ही तारीखच नाही. रोममध्ये त्या दिवशी ख्रिस्तजन्माची नोंद झाल्याचा सर्वांत जुना पुरावा इ. स. ३३६ चा आहे. प्रेषितांच्या काळात नाताळच नव्हता, तेव्हा नाताळच्या जेवणाची आज्ञा कोठून असणार? ती "बरं" म्हणाली आणि वहीत काही न लिहिता तिने वही मिटली. घरी येताना आमच्या ध्यानात आले की आमचे उत्तर बरोबर होते, पण ते तिच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते.

त्या रात्री आम्ही शास्त्र उघडून बसलो. नाताळ म्हटले की बेथलेहेम, म्हणून शास्त्रात बेथलेहेमची कुटुंबे कोठे कोठे जेवायला जमली आहेत एवढेच शोधावे असे ठरवले. वाचकांनीही आपले शास्त्र जवळ घ्यावे.

पहिली पंगत सापडते ती १ शमुवेल १६ व्या अध्यायात. शमुवेल संदेष्टा इशायाच्या घरी येतो. गावचे वडील त्याला पाहून थरथर कापतात, इतका मोठा पाहुणा. यज्ञ होतो, यज्ञानंतरच्या भोजनाची तयारी होते आणि इशाय आपले मुलगे एकेक करून पुढे आणतो. अलियाब उंचापुरा, देखणा. मग दुसरा, तिसरा, असे सात. या ठिकाणी आम्ही सारे उपदेशक एकाच वचनावर थांबतो: मनुष्य बाहेरचे पाहतो, परमेश्वर अंतःकरण पाहतो. त्यावर आम्ही स्वतः तीन वेळा उपदेश केला आहे. परंतु त्याच्या पुढचे अकरावे वचन आम्ही कधी थांबून वाचले नव्हते. शमुवेल विचारतो की मुलगे एवढेच का? बाप सांगतो की सर्वांत धाकटा राहिला आहे, तो मेंढरे राखतो आहे. तेव्हा शमुवेल म्हणतो की माणूस पाठवून त्याला आणा, तो येईपर्यंत आपण जेवायला बसायचे नाही.

हे चित्र नीट डोळ्यांपुढे आणावे. मांस शिजले आहे. गावचे मानकरी हातपाय धुऊन बसण्याच्या बेतात आहेत. सगळ्यांना भूक लागलेली आहे. आणि ज्याला पाहून गाव कापले तो पाहुणा एका पोरासाठी सारी पंगत थांबवतो. ते पोर तेथे नाही हे त्याच्या सख्ख्या बापाच्याही ध्यानात नव्हते.

इशाय काही वाईट माणूस नव्हता. मेंढरे कोणीतरी राखायलाच हवी होती. पंगतीतून माणसे बहुधा अशीच गळतात. त्यात वैर नसते, केवळ सोय असते. नाताळच्या दिवशी इस्पितळात पाळीवर असलेली आपली भाची, मागच्या दारी भांडी घासणारी बाई, आतल्या खोलीत खाटेवर पडलेले आजोबा, ज्यांना ताट "नंतर" नेऊन देतात. यांना कोणी हाकलून लावलेले नसते. कोणी फक्त विचारलेले नसते की सगळे आले का?

दुसरी पंगत विसाव्या अध्यायात आहे आणि ती खोटी आहे. दावीद शौलाच्या भीतीने लपतो आणि योनाथानाला सांगून ठेवतो की राजाने विचारले तर सांग, बेथलेहेमात आमच्या सबंध कुळाचा वार्षिक यज्ञ आहे, त्यासाठी मी रजा घेऊन गेलो. रजेच्या अर्जात "घरगुती कार्य" असे लिहिणाऱ्या आमच्या वाचकांना ही युक्ती परकी वाटू नये. पण सबब खपायची तर ती लोकांच्या रोजच्या माहितीतली असावी लागते. बेथलेहेमची कुळे वर्षातून एकदा जमत, थोरला भाऊ धाकट्याला निरोप धाडी आणि त्यासाठी राजाच्या मेजावरूनही माणूस उठून जाई, हे सर्वांना ठाऊक होते.

आता त्याच अध्यायात शौलाच्या मेजाकडे पाहावे. तेथेही एक जागा रिकामी आहे आणि तेथेही यजमान विचारतो की इशायाचा मुलगा काल आला नाही, आजही आला नाही, का बरे? शब्द जवळजवळ शमुवेलाचेच. पण शौलाच्या हाताशी भाला आहे, आणि थोड्याच वेळात तो भाला तो स्वतःच्या मुलावरच फेकतो. तेव्हा पंगतीत कोण नाही हे विचारणे म्हणजेच प्रीती, असे समजण्याचे कारण नाही. शमुवेल विचारतो तो आणण्यासाठी, शौल विचारतो तो मारण्यासाठी. आपल्या घरी पाने मांडल्यावर "यंदाही तो आला नाही वाटतं?" असा प्रश्न निघतो आणि मग भात वाढून होईपर्यंत त्या न आलेल्या माणसाची सून, त्याचे कर्ज, त्याची नोकरी यांची जी चिरफाड होते, तिच्यात भाला कोणाच्या हाती असतो हे ज्याने त्याने पाहावे.

याच पुस्तकाच्या आरंभी आणखी एक कुटुंब आहे. ते बेथलेहेमचे नाही, एफ्राइमाच्या डोंगराळ मुलखातले आहे. एलकाना दर वर्षी बायकामुलांना घेऊन शिलोला जाई, यज्ञ करी आणि प्रत्येकाला वाटा देई. पनिन्नेला मुले, हन्नेला नाही. आणि दर वर्षी त्या सणाच्या जेवणाशीच पनिन्ना तिला टोचून बोले, हन्ना रडे आणि जेवत नसे. दर वर्षी! म्हणजे त्या घरात सण आला की एका बाईच्या पोटात गोळा येई. आमच्या मंडळीत अशा भगिनी आहेत. लग्नाला सहा-सात वर्षे झाली आहेत, आणि नाताळला सासरी चार मामेसासवा जमल्या की केकचा तुकडा हाती येण्याआधी "यंदा तरी काही गोड बातमी?" हा प्रश्न येतो. विचारणाऱ्या बायका मनाने दुष्ट नसतात. पनिन्नाही कदाचित नसेल. अशी बाई पंगतीला बसलेली असते आणि पंगतीत नसतेही.

वर शिक्षिकेने जो प्रश्न विचारला त्याचे उत्तर आम्हांला येथून दिसू लागले. पवित्र शास्त्रात कुटुंबाने जमण्याची आज्ञा आहे. ती नाताळची नाही, पण आहे. निर्गमाच्या बाराव्या अध्यायात वल्हांडणाचे कोकरू घराघरांनी खावे असे सांगितले आहे आणि लगेच पुढे ही सोय आहे की एखादे घर एका कोकराला लहान पडत असेल तर त्यांनी शेजारच्या घराला जोडून घ्यावे. एकटी म्हातारी असेल, दोघेच नवराबायको असतील, तर त्यांचे अर्धे कोकरू नाही. दोन घरांचे एक घर होते. अनुवादाच्या सोळाव्या अध्यायात सप्ताहांचा सण आणि मांडवांचा सण आहे. तेथे आनंद कोणी करावा याची यादीच दिली आहे: तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझ्या गावातला लेवी, उपरी, पोरका, विधवा. मुलगा-मुलगी आणि दास-दासी एकाच दमात. मोलकरणीला सणाची ओवाळणी देऊन दुपारी लवकर घरी धाडणे ही चांगली गोष्ट आहे, पण ती या यादीत बसत नाही. यादी तिला आनंदात सामील करून घ्यायला सांगते.

बेथलेहेमच्या शेतात बवाजाने हेच केले होते. जेवणाच्या वेळी त्याने मवाबी रूथला, एका परक्या विधवेला, कापणी करणाऱ्यांच्या ओळीत बसवले, तिच्या भाकरीला सिरक्यात बुडवायला सांगितले आणि स्वतःच्या हाताने हुरडा दिला. ती पोटभर जेवली आणि उरलेही. त्या पंगतीतून पुढे ओबेद आला, ओबेदापासून इशाय आणि इशायापासून तो मेंढरांमागे राहिलेला पोरगा.

मग लूकाचा दुसरा अध्याय. आमच्या नाताळच्या नाटिकेत धर्मशाळेच्या मालकाचे काम करायला मुले नेहमी भांडतात, कारण त्याला दरडावून बोलायला मिळते आणि प्रेक्षक हसतात. वस्तुतः लूकाच्या शुभवर्तमानात असा मालक नाहीच. "उतारशाळा" म्हणून ज्या शब्दाचे भाषांतर आपल्या शास्त्रात आहे तो ग्रीक शब्द लूकाने पुन्हा एकदा वापरला आहे, बाविसाव्या अध्यायात. येशू वल्हांडणाच्या जेवणासाठी जी खोली मागतो ती ही, म्हणजे घरातली पाहुण्यांची खोली. चांगल्या शोमरोन्याने जखमी माणसाला जेथे नेले त्या पैसे घेणाऱ्या उताराच्या जागेसाठी लूकाने दहाव्या अध्यायात दुसराच शब्द योजला आहे. त्यावरून काही अभ्यासक, विशेषतः मध्यपूर्वेत अनेक वर्षे राहून शिकवणारे केनेथ बेली, असे म्हणतात की योसेफ आपल्या कुळाच्या गावी कोणा नातलगाच्या घरीच उतरला असावा. नावनिशीसाठी सारे कूळ लोटलेले, पाहुण्यांची खोली भरलेली, म्हणून बाळंतिणीची सोय घराच्या त्या भागात झाली जेथे रात्री गुरे बांधत आणि जेथे गव्हाणी असे. हे मत सर्वांना मान्य नाही, आणि आमच्या नाटिकेतला मालक एवढ्यावर काढून टाकण्याचे धैर्य आम्हांला होणार नाही. पण हे खरे असेल तर आपल्या प्रभूचा जन्म परक्यांच्या दारात नव्हे, नातलगांनी भरलेल्या घरात झाला. गाद्या कमी पडलेल्या त्या घरात कोणीतरी उठून "आम्ही सरकतो" म्हटले असेल, किंवा म्हटले नसेल. लूकाने ते सांगितलेले नाही. बाहेरून मेंढपाळ मात्र आले, हे त्याने सांगितले. बेथलेहेमच्या रानात रात्री मेंढरे राखणारे, म्हणजे दावीद ज्या जागी होता त्याच जागी असलेले लोक. इशायाच्या घरी माणूस पाठवून आणावे लागले होते. या वेळी निरोप घेऊन देवदूत गेला.

येथे कोणी जाणता वाचक आम्हांला अडवील. लूकाच्याच चौदाव्या अध्यायात प्रभू म्हणतो ना, की जेवण घालशील तेव्हा मित्रांना, भावांना, नातलगांना बोलावू नकोस, लंगड्यापांगळ्यांना बोलाव? मग नाताळला नातलगांचा मेळा भरवणे हे प्रभूच्या शब्दाविरुद्धच नव्हे काय? हा प्रश्न टाळण्याजोगा नाही. प्रभू स्वतः काना गावच्या लग्नाला गेला, तेथे त्याची आई होती, आणि तेथून तो आई व भावांसह कफर्णहूमास गेला. तेव्हा नातलगांबरोबर जेवणे त्याला वर्ज्य नव्हते. त्याने बोट ठेवले ते एका गोष्टीवर: ते तुला उलट बोलावतील आणि फिटंफाट होईल. आपल्या मेळाव्यांची यादी कशी तयार होते ते आठवावे. त्यांनी बारशाला बोलावले होते, म्हणून आपण. आपण साखरपुड्याला गेलो, ते आले नाहीत, म्हणून यंदा नको. ही देवघेव झाली. आता रुसून बसलेला भाऊ पाहा. तो उलट बोलावणार नाही हे नक्की, कदाचित निमंत्रणाचे उत्तरही देणार नाही. आमच्या मते तो रक्ताचा नातलग असूनही चौदाव्या अध्यायातल्या लंगड्यापांगळ्यांच्या ओळीतला झालेला आहे. त्याला बोलावण्यात परतफेडीची आशा नाही.

आणि आपल्या मंडळ्यांना पंगत म्हणजे काय हे इतरांहून अधिक कळायला हवे. १८३१ मध्ये आमच्याच बेळगावात जन्मलेल्या आणि १८५४ मध्ये येथेच बाप्तिस्मा घेतलेल्या बाबा पदमनजींचे 'अरुणोदय' हे आत्मचरित्र ज्यांनी वाचले आहे, त्यांना ख्रिस्ताकडे येणारा माणूस घराच्या पंगतीतून कसा उठत असे ते ठाऊक आहे. रेव्ह. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंना वर्षानुवर्षे त्यांच्यापासून दूर काढावी लागली. पुढे दोघे एकत्र आली आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. हे पंगत गमावलेले. आपल्यातली कितीतरी कुटुंबे अशी आहेत की ज्यांच्या पूर्वजांना गावच्या पंगतीत पानच मांडले जात नव्हते. सगळ्यांचे झाल्यावर, लांब, उरलेले. हे दोन्हीकडचे लोक प्रभुभोजनाला एका भाकरीभोवती आले. या देशात ती लहान गोष्ट नव्हती. असे असून आजही सोयरीक जुळवताना मूळचे कोण, हे हळूच विचारणारी घरे आपल्यात आहेत, आणि मुलाने वा मुलीने आपल्या पसंतीने लग्न केले म्हणून नाताळला त्याच्या नावाचे ताट न मांडणारीही आहेत. ज्यांच्या आजोबांना पंगतीबाहेर बसवले त्यांनी पंगत मोडावी याचे आम्हांला फार वाईट वाटते.

एक गोष्ट येथे स्पष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख कोणाच्या तरी घरात हत्यारासारखा वापरला जाईल. ज्या भगिनीला नवऱ्याने वा दिराने मारहाण केली आहे, ज्या मुलावर घरच्याच माणसाने हात टाकला आहे, त्यांना "नाताळ आहे, झालं गेलं विसरा" म्हणून त्याच माणसाशेजारी पाटावर बसवणे हे शमुवेलाचे काम नव्हे. योनाथानाने दाविदाला शौलाच्या मेजावर परत आणले नाही. बाण मारून खूण केली आणि रडत रडत त्याला जाऊ दिले. काही वेळा पंगतीतली रिकामी जागा हीच त्या घरातली सर्वांत प्रामाणिक जागा असते.

पण आमचे प्रकरण तसे नव्हते. तेही आता सांगितले पाहिजे, कारण दुसऱ्याच्या पंगती मोजून झाल्यावर आपली झाकून ठेवणे बरे नव्हे.

आमचे थोरले बंधू बडोद्यास असतात. वडील गेल्यावर २०१६ मध्ये जुने घर विकले. व्यवहार आम्ही पाहिला. त्याच वर्षी आईचे ऑपरेशन झाले, औषधे, खोलीभाडे, घराची जुनी घरपट्टी असे पुष्कळ खर्च त्या पैशांतून गेले, आणि दादांच्या वाट्याला त्यांनी धरला होता त्याहून कमी आला. त्यांनी हिशेब मागितला. हिशेबाची वही आमच्याकडे होती. ती पुढे ठेवायची, एवढेच करायचे होते. त्याऐवजी आम्ही म्हणालो, "म्हणजे तुझा माझ्यावर विश्वास नाही?" त्या दिवसापासून ते आले नाहीत. सात नाताळ गेले. आई दर वर्षी करंज्या झाल्या की एक पितळी डबा भरून बाजूला ठेवी, "त्याचा" म्हणे, आणि मार्च उजाडला की तो मुकाट्याने मुलांना वाटून टाकी. आम्ही सर्वांना सांगत असू की आमच्या मनात काही नाही, दार उघडे आहे, त्याला वाटेल तेव्हा त्याने यावे.

१७ डिसेंबर २०२३ च्या रविवारी शब्बाथशाळेत आम्ही वर लिहिलेली इशायाच्या घरची गोष्ट सांगितली. दहा वर्षांच्या एका मुलाने विचारले, "पण सर, दाविदाला निरोपच दिला नव्हता ना? मग त्याला कळणार कसं की जेवण आहे?" आम्ही म्हणालो, बरोबर आहे, म्हणूनच शमुवेलाने माणूस पाठवला. उत्तर देऊन झाले आणि आमचा आवाज जरा बसला. पुढे प्रार्थना दुसऱ्या शिक्षकांनी केली.

त्या दुपारी आम्ही मत्तयाचा पाचवा अध्याय पुन्हा वाचला. वेदीपाशी दान आणले असता भावाची आठवण होते, ते वचन. वीस वर्षे उपदेश करूनही त्यातली एक गोष्ट आमच्या नजरेतून निसटली होती. तेथे असे लिहिलेले नाही की तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर, असे आहे. "आमच्या मनात काही नाही" या आमच्या सात वर्षांच्या समाधानाला त्या वचनात कोठेच जागा नव्हती. आणि उघडे दार म्हणजे निमंत्रण नव्हे. उधळ्या पुत्राच्या गोष्टीत थोरला भाऊ बाहेर रागाने उभा होता तेव्हा दार उघडेच होते, आतून गाण्याचा आवाज येत होता. तरी बाप उठून बाहेर गेला. पुढे तो थोरला आत आला की नाही हे प्रभूने सांगितलेच नाही.

रात्री फोन लावला. सौभाग्यवती शेजारी उभ्या होत्या.

"दादा, नाताळला ये."

बराच वेळ काही नाही. मग, "आई कशी आहे?"

"गुडघे दुखतात. जिना चढवत नाही."

"हं."

"येशील?"

"वही आहे का तुझ्याकडे?"

"आहे."

"मग वही घेऊन तू ये."

त्या नाताळला ते आले नाहीत. पाने मांडताना आईने त्यांचे पान मांडायला सांगितले आणि पुतण्यांपैकी कोणी काही बोलले नाही. पनिन्नेसारखेही नाही, शौलासारखेही नाही. तेवढे तरी त्या दिवशी साधले. आणि २७ तारखेस आम्ही पितळी डबा मांडीवर आणि वही पिशवीत घेऊन बडोद्याच्या गाडीत बसलो.

वहिनींनी दार उघडले, डबा हाती घेतला, आणि आईने फडके ज्या गाठीने बांधले होते ती गाठ पाहून त्या आत निघून गेल्या. चहा आला. दादांनी चष्मा लावला आणि वही पहिल्या पानापासून वाचायला घेतली. बोलणे काही नाही. चौथ्या पानावर त्यांनी बोट ठेवले.

"ही औषधं दोनदा कशी धरलीस?"

आम्ही वाकून पाहिले. एकच बिल दोन तारखांना लिहिले गेले होते, ८४० रुपयांचे.

"चुकलं," आम्ही म्हणालो.

त्यांनी पेन्सिलीने खूण केली, पान उलटले, आणि दुसरा हात डब्यात घालून एक करंजी काढली.